पेशीत दोन प्रथिने खरोखर भेटतात का? पहिला प्रयोग लावणाऱ्यांसाठी

मायक्रोस्कोपखाली हिरवा आणि लाल रंग एकमेकांवर पडून पिवळा ठिपका दिसला, की नवख्याला वाटते काम झाले. खरे तर काम तिथून सुरू होते. साध्या प्रकाश-मायक्रोस्कोपला २०० ते २५० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन वस्तू वेगळ्या दिसत नाहीत, आणि मध्यम आकाराचे प्रथिन असते जेमतेम चार-पाच नॅनोमीटरचे. त्या एका पिवळ्या ठिपक्यात हजारो रेणू सहज मावतात. दोन माणसे एकाच इमारतीत राहतात म्हणून त्यांची बोलचाल असेलच असे नाही. पिवळा ठिपका फक्त इमारत दाखवतो.

जिवंत पेशीतली आंतरक्रिया मोजणारी जवळजवळ सगळी तंत्रे प्रत्यक्षात अंतर मोजतात. कोणी दहा नॅनोमीटरच्या आतले, कोणी त्याहून थोडे जास्त. त्या अंतरावरून ‘ही दोघे एकमेकांना धरतात’ असे म्हणायचे की नाही, हे तुमचे कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावलेले प्रयोग, ठरवतात. यंत्र कितीही महागडे असले तरी हा निर्णय ते घेत नाही. म्हणून खाली तंत्रांइतकीच जागा कंट्रोलना दिली आहे.

पायरी १: प्रश्न एका वाक्यात लिहा

वही उघडा आणि लिहा. ‘अ आणि ब एकमेकांना जोडले जातात का?’ हा एक प्रश्न झाला. ‘औषध दिल्यावर ते किती मिनिटांत सुटतात?’ हा वेगळा. ‘केंद्रकात भेटतात की पेशीपटलापाशी?’ हा आणखी वेगळा. आणि ‘अ च्या अवतीभवती कोण कोण आहे, मला एकाचेही नाव माहीत नाही’ हा तर पूर्णपणे निराळ्या जातीचा प्रश्न. या चारही प्रश्नांना एकच तंत्र पुरत नाही. जे यंत्र विभागात रिकामे पडले आहे त्याला साजेसा प्रश्न शोधण्याची सवय फार लवकर लागते. ती लागू देऊ नका.

त्याच पानावर दुसरे वाक्य लिहा: कोणता निकाल आला तर मी ‘नाही, जोडले जात नाहीत’ असे मान्य करीन? हे वाक्य लिहिता येत नसेल तर प्रयोगाची रचना अजून पक्की झालेली नाही.

पायरी २: पिपेट उचलण्याआधी संगणक

प्रथिनांच्या माहितीचा संग्रह असलेल्या युनिप्रॉटवर दोन्ही प्रथिनांची पाने नीट वाचा. सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड आहे का, शेवटी चरबीचा रेणू चिकटतो का, पटलातून आरपार जाणारे भाग किती, मूळ जनुकापासून किती प्रकार तयार होतात. हे सगळे पुढे टॅग, म्हणजे प्रथिनाला जोडायचा खुणेचा तुकडा, लावताना लागेल. ह्यूमन प्रोटीन अ‍ॅटलासवर ती दोन्ही प्रथिने पेशीच्या एकाच भागात सापडतात का ते बघा. एक मायटोकॉन्ड्रियाच्या आत आणि दुसरे केंद्रकात असेल, तर टेस्ट ट्यूबमध्ये ती कितीही घट्ट चिकटोत, पेशीत त्यांची गाठ पडणार कशी?

बायोग्रिड आणि इन्टॅक्ट या संग्रहांत आधी कोणी ही जोडी पाहिली आहे का ते शोधा, आणि कोणत्या तंत्राने पाहिली हा रकाना न चुकता वाचा. स्ट्रिंग या संग्रहातले प्रथिनांच्या संबंधांचे जाळे दिसायला छान असते, पण त्यातली रेघ म्हणजे भौतिक जोडणीच असे नव्हे. दोन जनुके एकत्र व्यक्त होतात किंवा शोधनिबंधांत त्यांची नावे वारंवार एकत्र येतात, तरीही रेघ पडते. तिथे फक्त भौतिक जोडणी दाखवण्याचा पर्याय असतो. तो निवडा.

प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने २०२१ पासून हे टेबलावरचे काम बदलून टाकले, आणि २०२४ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रथिनांबरोबर डीएनए, आरएनए आणि छोटे रेणूही एकत्र मांडता येतात. जोडीचे मॉडेल काढल्यावर ‘आयपीटीएम’ हा आकडा बघा. ०.८ च्या वर असेल तर मांडणीवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो, ०.६ च्या खाली बहुधा फसलेली असते, मधला पट्टा संशयाचा. या मॉडेलला तुमच्या पेशीतले प्रमाण, जागा, वेळ यांपैकी काहीच माहीत नसते, म्हणून त्याला पुरावा मानू नका. त्याचा खरा उपयोग दुसरा आहे. दोन प्रथिने जिथे टेकतात त्या जागेवरची अमिनो आम्ले कोणती, हे त्यातून कळते. त्यातली एक-दोन बदलून तुम्ही तुमचा सर्वांत मोलाचा कंट्रोल बनवणार आहात.

पायरी ३: तंत्र निवडा

आधी दोन जुन्या ओळखीच्या पद्धती बाजूला ठेवू. यीस्ट टू-हायब्रिड १९८९ मध्ये स्टॅन्ली फील्ड्स आणि ओक-क्यू साँग यांनी मांडली. गॅल४ या प्रथिनाचे दोन तुकडे दोन प्रथिनांना जोडायचे. ती भेटली तर तुकडे एकत्र येऊन जनुक चालू होते. हजारो जोड्या चाळायला ती उत्तम, पण भेट घडते यीस्टच्या केंद्रकात, तुमच्या पेशीत नव्हे. को-आयपी (अँटिबॉडीने एक प्रथिन ओढून त्याला चिकटून दुसरे येते का बघणे) सगळ्यांनाच येते, पण त्यात पेशी फोडावी लागते. जी प्रथिने आयुष्यात कधी शेजारी आली नव्हती ती डिटर्जंटच्या पाण्यात एकमेकांना चिकटू शकतात, आणि जी अलगद धरलेली होती ती धुण्यातच सुटतात. दोन्ही पद्धती आधारासाठी घ्या. जिवंत पेशीबद्दल बोलायचे तर पुढे या.

फ्रेट. एक चमकणारे प्रथिन डोनर, दुसरे अ‍ॅक्सेप्टर. डोनरला प्रकाश दिला आणि अ‍ॅक्सेप्टर पुरेसा जवळ असला, तर ऊर्जा प्रकाशकण न सोडताच पलीकडे जाते. थिओडोर फर्स्टरने १९४० च्या दशकात याचे गणित मांडले: ऊर्जेचे हस्तांतरण अंतराच्या सहाव्या घाताने घसरते. ज्या अंतराला निम्मी ऊर्जा जाते त्याला फर्स्टर अंतर म्हणतात; निळसर आणि पिवळ्या प्रथिनांच्या नेहमीच्या जोडीसाठी ते सुमारे ५ नॅनोमीटर असते. अंतर दुप्पट झाले की जेमतेम दीड टक्का ऊर्जा पोचते. फ्रेट इतके काटेकोर असण्याचे कारण हेच, आणि नवख्याला रडवण्याचेही. जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) घराण्यातले प्रत्येक प्रथिन म्हणजे साधारण २.४ बाय ४.२ नॅनोमीटरचे पिंप, आणि चमकणारा भाग पिंपाच्या मधोमध. दोन पिंपे एकमेकांना टेकली तरी ते दोन भाग काही नॅनोमीटर दूरच राहतात. त्यात दोघांची दिशा जुळली नाही तर जवळ असूनही सिग्नल येत नाही. फ्रेट आले नाही याचा अर्थ आंतरक्रिया नाही, असे कधीही लिहू नका.

फ्रेट मोजण्याचे मार्ग अनेक. फक्त अ‍ॅक्सेप्टरची चमक मोजली तर त्यात डोनरचा गळून आलेला प्रकाश आणि अ‍ॅक्सेप्टरला थेट मिळालेला प्रकाश, दोन्ही मिसळलेले असतात. ते वजा करण्यासाठी फक्त डोनर असलेल्या आणि फक्त अ‍ॅक्सेप्टर असलेल्या पेशी त्याच दिवशी, त्याच सेटिंगवर लागतात. अ‍ॅक्सेप्टर जाळून डोनर किती उजळतो हे बघणे सोपे, पण त्या पेशीचे मोजमाप एकदाच होते आणि वेळेनुसार बदल पाहता येत नाही. फ्लिमची सोय असेल तर मी डोळे झाकून तेच सुचवीन. त्यात डोनर किती नॅनोसेकंद चमकत राहतो ते मोजतात. एम-टर्कॉइज-२ या निळसर डोनर प्रथिनाचे आयुर्मान सुमारे ४ नॅनोसेकंद आणि घसरण बरीचशी सरळ, एका घातांकाची असते. फ्रेट झाले की ते कमी होते. पेशीत डोनर कमी आहे की जास्त याने या आकड्याला फरक पडत नाही, आणि निम्मे वाद तिथेच मिटतात.

ब्रेट आणि नॅनोबिट. इथे बाहेरून प्रकाश द्यावाच लागत नाही. ब्रेटमध्ये डोनरच्या जागी असलेले ल्युसिफरेझ एन्झाइम स्वतः उजेड पाडते. त्यामुळे पेशीची स्वतःची चमक, रंग जळणे, अ‍ॅक्सेप्टरला थेट प्रकाश लागणे ही सगळी कटकट संपते. खोल समुद्रातल्या कोळंबीच्या एन्झाइमवरून २०१२ मध्ये घडवलेले नॅनोलक फक्त १९ किलोडाल्टनचे आणि भलतेच तेजस्वी आहे. २०१६ मध्ये त्याचेच दोन भाग करून नॅनोबिट आले: लार्जबिट सुमारे १८ किलोडाल्टनचा आणि स्मॉलबिट केवळ ११ अमिनो आम्लांचा. या दोन तुकड्यांना एकमेकांची ओढ अगदी कमी, १९० मायक्रोमोलरच्या आसपास. म्हणजे तुमची प्रथिने त्यांना जवळ आणतील तेव्हाच उजेड, आणि प्रथिने सुटली की उजेडही जातो. जोडणे-सुटणे दोन्ही बघायचे असेल आणि प्लेट रीडर (प्लेटच्या खान्यांतला उजेड मोजणारे यंत्र) हाताशी असेल, तर सुरुवात इथून करा. एक इशारा मात्र लक्षात ठेवा: हायबिट नावाचा तुकडासुद्धा ११ अमिनो आम्लांचाच असतो, पण तो लार्जबिटला नॅनोमोलर ताकदीने आपोआप चिकटतो. फ्रीजरमधून चुकीची ट्यूब उचलली तर जगातली सगळी प्रथिने एकमेकांना जोडलेली दिसतील.

बायएफसी. चमकणाऱ्या प्रथिनाचे दोन तुकडे. भेटले की घडी पडते आणि चमक येते. २००२ मध्ये फॉस आणि जुन या प्रथिनांच्या जोडीवर हे दाखवले गेले. चित्र सुरेख येते आणि साधा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप पुरतो, म्हणून नवखे याच्याकडे धावतात. पण पडलेली घडी सहसा उलगडत नाही. क्षणभर टक्कर झालेली जोडीही कायमची अडकते, आणि तुकडे भरपूर प्रमाणात असले तर आपसांतच चिकटतात. शिवाय चमक यायला वेळ लागतो, त्यामुळे ‘औषध दिल्यावर पाच मिनिटांत काय झाले’ हे विचारू नये. कुठे भेटतात एवढेच बघायचे तर ठीक.

टर्बोआयडी आणि तिची भावंडे. साथीदारच माहीत नसतील तेव्हा ही पद्धत घ्या. २०१२ च्या बायोआयडीमध्ये बायोटिन चिकटवणारे एक बेशिस्त एन्झाइम प्रथिनाला जोडतात. ते आसपासच्या सुमारे दहा नॅनोमीटर परिसरातल्या प्रथिनांच्या लायसिनवर बायोटिनचा शिक्का मारते. मूळ पद्धतीत १८ ते २४ तास लागत. २०१८ च्या टर्बोआयडीने ते दहा मिनिटांवर आणले. एपेक्स-२ हे त्याच कामाचे दुसरे एन्झाइम तर एका मिनिटात काम करते, पण त्यासाठी पेशींना हायड्रोजन पेरॉक्साइड द्यावे लागते, आणि तुमचा विषयच पेशीवरचा ताण असेल तर ते परवडत नाही. शिक्का बसलेली प्रथिने बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या मण्यांनी ओढून मास स्पेक्ट्रोमीटरवर ओळखतात.

याबद्दलची काही माहिती पहिल्या दिवशीच असलेली बरी. आरपीएमआय या पेशी वाढवण्याच्या माध्यमात बायोटिन मुळातच असते, डीएमईएममध्ये नसते, आणि सीरममधून थोडे येतेच. टर्बोआयडी इतकी चपळ की तुम्ही ‘सुरू’ म्हणण्याआधीच ती शिक्के मारू लागते. स्ट्रेप्टॅव्हिडिन ब्लॉटवर १३० आणि ७५ किलोडाल्टनच्या आसपास ठळक पट्टे दिसले तर आनंदून जाऊ नका; पेशीच्या स्वतःच्या कार्बोक्सिलेझ एन्झाइमांवर बायोटिन जन्मतःच असते. पेशी फोडण्याआधी उरलेले मोकळे बायोटिन नीट धुऊन काढा, नाहीतर तेच मण्यांवरच्या सगळ्या जागा अडवते. यादीत केराटिन वर आले तर ते बहुधा तुमच्या कातडीचे असते. आणि या यादीतले प्रत्येक नाव फक्त ‘शेजारी’ आहे; जोडीदार कोण ते पुढे वेगळे सिद्ध करायचे असते.

पायरी ४: टॅग कुठे आणि किती

तुमच्या प्रथिनाला दोन टोके आहेत: सुरुवातीचे एन आणि शेवटचे सी. एन-टोकाला सिग्नल पेप्टाइड असेल तर तिथे टॅग लावल्यावर प्रथिन मुक्कामीच पोचणार नाही. रॅससारख्या प्रथिनाच्या सी-टोकाला चरबी चिकटून ते पटलावर बसते. तिथे टॅग लावला की ते पेशीद्रवात भटकत राहते. सी-टोकाने दुसऱ्या प्रथिनातल्या पीडीझेड भागाला धरणाऱ्या प्रथिनांचेही तसेच. दोन प्रथिने, प्रत्येकाची दोन टोके, आणि कोणाला कुठला टॅग याची अदलाबदल, अशा एकूण आठ जुळण्या होतात. नॅनोबिटमध्ये आठही करून बघाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण एकच जुळणी करून ‘सिग्नल नाही’ म्हणणे म्हणजे प्रयोग अर्धवट सोडणे.

टॅग आणि प्रथिन यांच्यामध्ये लवचीक लिंकर ठेवा. ग्लायसीन-सेरीनची दहा-पंधरा अमिनो आम्लांची साखळी बहुतेक वेळा पुरते. चमकणारी प्रथिने वापरत असाल तर ती एकेकटी राहणारी निवडा. मूळ जीएफपीला दुकटे होण्याची थोडी सवय असते. २०६ व्या जागी अ‍ॅलनीनऐवजी लायसिन आणले की ती मोडते. जुने प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारा गोल डीएनए) कोणाकडून मिळाले असेल तर हा बदल त्यात आहे का हे तपासाच, नाहीतर तुमच्या प्रथिनांऐवजी टॅगच एकमेकांना भेटतील. अ‍ॅडजीनसारख्या संग्रहातून प्लाझ्मिड आणले तरीही हातात आल्यावर त्याचा पूर्ण क्रम वाचून घ्या.

आता प्रमाण. सीएमव्ही प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) भरभरून प्रथिन बनवतो आणि नवख्याला चमकदार पेशी आवडतात. पण पेशीत मुळात जे प्रथिन मोजके असते ते शंभरपट झाले, तर कोणीही कोणालाही धडकेल. टीके प्रमोटरसारखा अशक्त पर्याय घ्या किंवा प्लाझ्मिड कमी टाका. सर्वांत चांगले म्हणजे क्रिस्परने जनुकाच्या मूळ जागीच टॅग बसवणे. हे आता अपवादात्मक राहिलेले नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओपनसेल प्रकल्पात १,३१० मानवी प्रथिनांना अशा प्रकारे टॅग लावलेल्या पेशी तयार झाल्या. पहिल्या महिन्यात मात्र क्रिस्परच्या मागे लागू नका. आधी साध्या ट्रान्सफेक्शनवर (पेशीत प्लाझ्मिड टाकून) जुळणी ठरवा, मग तिच्यासाठी कष्ट घ्या.

आणि टॅग लावलेले प्रथिन अजून आपले काम करते का? जागेवर जाते का, एन्झाइम असेल तर चालते का, मूळ प्रथिन काढून टाकलेल्या पेशीत त्याची उणीव भरून काढते का? यापैकी निदान एक तपासणी हवीच.

पायरी ५: कंट्रोल

एका प्रथिनाऐवजी नुसता रिकामा टॅग, हा कंट्रोल सगळे लावतात. तो अगदीच कच्चा आहे. नुसता टॅग पेशीभर पसरतो आणि तुमचे प्रथिन एका कोपऱ्यात असते, तेव्हा सिग्नल कमी येणारच. त्यातून काही सिद्ध होत नाही. खरा कंट्रोल म्हणजे तेच प्रथिन, त्याच जागी, तितक्याच प्रमाणात, फक्त जोडणीच्या जागेवरचे एखादे अमिनो आम्ल बदललेले. पी५३ या प्रथिनातली १९ वी फिनायलअ‍ॅलनीन, २३ वी ट्रिप्टोफॅन आणि २६ वी ल्युसीन ही तीन आम्ले त्याचा जोडीदार एमडीएम२ याच्या खाचेत बसतात. ती बदलली की पकड सुटते. तुमच्या जोडीतही अशी जागा शोधा. अल्फाफोल्डचे मॉडेल इथे कामाला येते. बदललेले प्रथिन तितकेच बनते आणि त्याच जागी जाते हे वेस्टर्न ब्लॉट आणि चित्र दोन्हींनी दाखवा. ते न दाखवता सिग्नल कमी झाल्याचे सांगितले, तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारेल, आणि बरोबरच विचारेल.

दुसरा कंट्रोल स्पर्धेचा: टॅग नसलेले तेच प्रथिन जास्त प्रमाणात टाका. जोडणी खरी असेल तर ते टॅगवाल्याची जागा घेते आणि सिग्नल उतरतो. टॅगच एकमेकांना चिकटत असतील तर फारसा फरक पडत नाही.

टर्बोआयडीसाठी कंट्रोल म्हणजे त्याच कप्प्यात पाठवलेली मोकळी टर्बोआयडी. केंद्रकातल्या प्रथिनासाठी पेशीद्रवातला कंट्रोल लावला, तर तुमची यादी म्हणजे केंद्रकातल्या प्रथिनांची यादी होईल, एवढेच.

पायरी ६: सरावाची जोडी, तीन दिवसांत

आपल्या लाडक्या प्रथिनांवर पहिला प्रयोग करू नका. एफकेबीपी आणि एफआरबी या प्रथिनांची जोडी नॅनोबिटवर घ्या. रॅपामायसिन हे औषध नसताना ती एकमेकांकडे बघतही नाहीत, रॅपामायसिन दिले की काही मिनिटांत घट्ट जोडली जातात. उत्तर आधीच माहीत असल्याने चूक झालीच तर ती तुमच्या हाताची, यंत्राची की द्रावणाची हे शोधता येते.

पहिला दिवस. एचईके२९३ या मानवी पेशी पांढऱ्या ९६-खान्यांच्या प्लेटमध्ये, खान्याला सुमारे २०,००० पेशी. कडेच्या खान्यांतले पाणी उडते, तिथे नुसते माध्यम भरा. पेशींची मायकोप्लाझ्मा चाचणी अलीकडची असू द्या.

दुसरा दिवस. ट्रान्सफेक्शन. लार्जबिट-एफआरबी आणि स्मॉलबिट-एफकेबीपी प्रत्येकी ५० नॅनोग्रॅम प्रति खाना. एखाद्या कंट्रोलमध्ये एकच प्लाझ्मिड असेल तर रिकाम्या प्लाझ्मिडने एकूण डीएनए सारखा करा.

तिसरा दिवस, २०-२४ तासांनी. सीरमचे माध्यम काढून कमी सीरमचे घाला, कारण सीरममध्ये सबस्ट्रेट (ज्यातून ल्युसिफरेझ उजेड काढते ते द्रव्य) आपोआप जळून पार्श्वभूमीचा उजेड वाढतो. प्लेट रीडर आधीच ३७ अंशांवर आणून ठेवा. सबस्ट्रेट घालून दहा मिनिटे पायाभूत वाचन घ्या. मग काही खान्यांत रॅपामायसिन, १ ते १०० नॅनोमोलरच्या चढत्या मात्रांत, आणि काहींत तेवढेच डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवतात तो द्राव). पुढचा अर्धा तास दर मिनिटाला वाचन. डीएमएसओच्या खान्यांत उजेड हळूहळू उतरतो, कारण सबस्ट्रेट संपत जाते. रॅपामायसिनचे आकडे त्याच्याशी ताडूनच वाचायचे. आणखी काही खान्यांत आधी भरपूर एफके५०६ घाला. ते एफकेबीपीची जागा अडवते, त्यामुळे नंतर दिलेल्या रॅपामायसिनचा परिणाम बोथट होतो.

हे जमले की सुटण्याचा सराव पी५३–एमडीएम२ वर करा. न्युटलिन-३ए हे औषध दिले की जोडी सुटते. त्याचेच आरशातले रूप न्युटलिन-३बी सुमारे १५० पट अशक्त, म्हणून कंट्रोल आयताच मिळतो. औषधांवर काम करणाऱ्यांनी अख्खे नॅनोलक असलेल्या पेशींनाही तेच औषध द्यावे. तिथेही उजेड उतरला तर औषध जोडी तोडत नाही, एन्झाइमच दाबते आहे.

मायक्रोस्कोपवर करणार असाल तर फिनॉल रेड नसलेले माध्यम घ्या, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड ठेवा, आणि प्लेट ठेवल्यावर निदान अर्धा तास थांबा. तापमान स्थिरावेपर्यंत फोकस सरकत राहतो. पेशींवर फुगे येऊ लागले तर लेझर कमी करा, त्या मरत आहेत. पिवळी प्रथिने आम्लतेला कमी-जास्त प्रमाणात संवेदनशील असतात. औषधाने पेशीची आम्लता बदलली तर फ्रेटचे गुणोत्तर हलते आणि आंतरक्रिया बदलल्यासारखी वाटते. बदललेल्या म्युटंटवरही तोच बदल दिसतो का हे बघितले की उलगडा होतो.

पायरी ७: आकडे वाचताना

एका ताटलीतल्या चाळीस पेशी म्हणजे चाळीस प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग. वेगळ्या दिवशी, नव्याने ट्रान्सफेक्ट केलेल्या पेशींवर किमान तीनदा करा आणि आकडेमोड त्या तीन सरासरींवर करा. पेशी निवडताना हात आपोआप चमकदार पेशींकडे जातो. शक्य असेल तर कोणती ताटली कोणती हे दुसऱ्याला झाकून ठेवायला सांगा आणि डोनर-अ‍ॅक्सेप्टरच्या प्रमाणाची मर्यादा आधीच ठरवून घ्या.

खरी जोडणी आणि नुसती गर्दी वेगळी करायची खात्रीची वाट म्हणजे संपृक्ततेचा आलेख. डोनर तेवढाच ठेवा, अ‍ॅक्सेप्टर वाढवत न्या. जोडणी खास असेल तर सिग्नल चढून एका पातळीवर टेकतो, कारण धरण्याच्या जागा संपतात. नुसत्या धडका असतील तर रेघ सरळ चढतच राहते. पटलावरच्या प्रथिनांसाठी हा आलेख टाळू नका. सपाट पृष्ठभागावर ती दाटीवाटीने असतात आणि निव्वळ गर्दीनेही चांगला ठसठशीत फ्रेट मिळतो.

सिग्नल शून्य आला तर क्रमाने तपासा: दोन्ही प्रथिने बनली का, जागी आहेत का, आठ जुळण्या झाल्या का, पेशीत मूळ टॅगविरहित प्रथिन इतके आहे का की तेच जोड्या पटकावते, आणि ही आंतरक्रिया एखाद्या संकेतानंतरच घडते का. शेवटचे अनेकदा विसरले जाते. फॉस्फेट लागल्यावरच भेटणारी प्रथिने उपाशी, निवांत पेशीत भेटणार नाहीत.

पायरी ८: दुसरे तंत्र, वेगळ्या तत्त्वाचे

नॅनोबिटनंतर बायएफसी केले तर ते दुसरे तंत्र मानू नका. दोन्हींत तुकडेच जोडले जातात आणि दोन्हींत चूक एकाच प्रकारे होते. नॅनोबिटच्या जोडीला फ्लिम-फ्रेट, किंवा टॅग न लावलेल्या मूळ प्रथिनांवर अँटिबॉडीने को-आयपी. स्थिर केलेल्या पेशींत, दोन अँटिबॉडी जवळ आल्या की ठिपका दाखवणारी पीएलएही चालते, पण तिचा पल्ला ४० नॅनोमीटरपर्यंत जातो, म्हणून ती आधाराला ठेवा. दोन तंत्रांचे निकाल विसंगत आले तर त्यातला आवडता निवडू नका. फ्लिम ‘नाही’ आणि टर्बोआयडी ‘होय’ म्हणत असेल, तर बहुधा दोन्ही प्रथिने एकाच मोठ्या संकुलात आहेत, पण एकमेकांना टेकत नाहीत. हा निकालही छापण्याजोगा असतो.

आणि लिहिताना शब्द मोजून वापरा. जिवंत पेशीतल्या प्रयोगावरून ‘पेशीत ही दोघे काही नॅनोमीटर अंतरात येतात, आणि अमुक आम्ल बदलले की येत नाहीत’ एवढे ठामपणे म्हणता येते. ‘थेट जोडली जातात’ म्हणायचे असेल तर दोन्ही प्रथिने शुद्ध करून, बाकी काहीही नसताना, आयटीसी (जोडणीची उष्णता मोजणारे) किंवा एसपीआर (पृष्ठभागावरची जोडणी मोजणारे) यंत्रावर त्यांची पकड मोजावी लागते. मध्ये एखादे तिसरे प्रथिन दोघांना धरून बसलेले नाही, हे जिवंत पेशी सहसा सांगत नाही.